मॅनिफोल्डवरचं अस्तर

दाजी नक्की कुणाचे दाजी, असं गल्लीत कुणाला विचारलं असतं तर धड उत्तर मिळालं नसतं. खरं म्हणजे ते एकट्या मेकॅनिकचे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण मेकॅनिकचा आवाजच असा, की गाडीखाली उताणा पडून त्याने "दाजीऽऽ" अशी हाक मारली की ती कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात पोचायची. मग न्हावी त्यांना दाजी म्हणू लागला, चहावाला म्हणू लागला, पत्ता विचारायला आलेले परकेही जाताना "येतो दाजी" म्हणून जाऊ लागले. एका बायकोपायी माणूस सबंध गल्लीच्या नात्यात पडला. मेकॅनिकला त्याच्या आवाजावरून सगळे पाठीमागे भोंगा म्हणत. त्याची बहीण तोंडावर म्हणे.

दाजी रंगारी होते. गाड्यांचे रंगारी. भोंग्याची आणि त्यांची शेड एकच, वर पत्रा आणि मध्ये वरपासून खालपर्यंत सोडलेली एक जाड ताडपत्री. ताडपत्रीच्या अलीकडे भोंग्याचं राज्य. तिथे तेलाने काळी झालेली फरशी, साखळीला लोंबणारं एखादं इंजिन, आणि कुठला पाना कुठे आहे हे एका त्यालाच ठाऊक. पलीकडे दाजींची बाजू. तिथे पंखा लावायचा नाही, झाडू मारायचा नाही, जोरात शिंकायचंसुद्धा नाही. रंग मारायच्या आधी दाजी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवत आणि मग दारात उभे राहून हवेकडे बघत. हवेत काय दिसतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मनासारखी हवा मिळाली की तोंडाला फडकं बांधून आत जात. नेमकं त्याच वेळी भोंगा पलीकडे कॉम्प्रेसरच्या वाऱ्याने कार्बोरेटर झाडायला घेई.

"अरे, ओला रंग आहे!" दाजी ओरडत. म्हणजे त्यांच्या मानाने ओरडत. न्हाव्याला काही ते ऐकू जात नसे.

"दाजी, धूळ कुणाच्या बापाची आहे का? ती येणारच!" भोंगा म्हणे. आणि वर ठरलेलं वाक्य जोडे, "तुमचं काम असं नाजूक, म्हणून तर वरवरचं."

हे 'वरवरचं' त्याने इतक्या वर्षांत किती वेळा ऐकवलं असेल. त्याच्या मनात काळंबेरं काही नसायचं. त्याच्या लेखी गाडी म्हणजे इंजिन, बाकीचा पत्रा म्हणजे पावसापासून आडोसा. दाजी हसून सोडून देत. पण रात्री जेवताना कधी कधी बायकोला म्हणत, "वरवरचं कसं? माझं अर्धं काम तर कुणाला दिसतच नाही."

ते खरं होतं. दाजींचा जीव होता तो अस्तरात. अस्तर म्हणजे रंगाआधीचा तो राखाडी हात, जो पत्र्याला आणि रंगाला एकमेकांना धरायला लावतो. घाईचे रंगारी अस्तर पातळ उडवतात किंवा चुकवतातच, गिऱ्हाइकाला कुठे कळतंय. दाजींनी मोठी गाडी असो की घरातला पंखा, अस्तराशिवाय रंग लावला नाही. गाव पालथं घालून आलेली एखादी जुनी गाडी दुसऱ्या कुणी घासायला घेतली आणि खाली गुळगुळीत राखाडी थर लागला, की तो रंगारी म्हणे, "ही दाजींच्या हातची." एवढीच काय ती त्यांची कीर्ती. ती मिळवायला रंग खरवडावा लागे.

लग्नसुद्धा त्यांचं या स्वभावापायीच जमलं. तरुणपणी ते फर्निचरच्या दुकानात कपाटं रंगवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरांची दारं-खिडक्या. अशाच एका घरचं दार रंगवायला गेले. त्या घरात एक मुलगी होती आणि तिचा शेंबडा, आरडाओरडा करणारा धाकटा भाऊ होता. दाजींनी अस्तर दिलं, घासलं, परत अस्तर दिलं, रंग दिला, परत घासला. मुलीशी बोलायची हिंमत होईना आणि दार सोडून जाववेना. शेवटी तीच बाहेर येऊन म्हणाली, "अजून किती हात देणार आहात? दार जाड व्हायला लागलंय, मिटत नाही आता."

"मिटेल," दाजी म्हणाले. "वाळलं की मिटेल."

"आणि नाही मिटलं तर?"

"तर परत येईन."

"म्हणजे न मिटेल असंच करून जाणार तुम्ही," ती म्हणाली. पुढचं घरच्यांनी बघितलं. ते दार म्हणे शेवटपर्यंत खांद्याने ढकलावं लागे.

असो. सांगायची गोष्ट आहे ती दाजींचे केस पांढरे झाल्यानंतरची. मोठमोठ्या वर्कशॉपांत काचेच्या बंद खोल्या आल्या, तिथे यंत्र रंग जुळवू लागलं, आणि ठोकर लागलेली गाडी विम्याच्या कागदाबरोबर परस्पर तिकडेच जाऊ लागली. ताडपत्रीपलीकडे शांतता पसरली. दाजी सकाळी येत, पाणी शिंपडत, स्प्रे गन उघडून पुसत आणि परत जोडून ठेवत. अशातच एक टायरवाला भोंग्याकडे चकरा मारायला लागला. त्याला शेडची ती रिकामी बाजू हवी होती.

भोंगा हे दाजींशी बोलला नाही. एवढा तोंडाळ माणूस, पण तोंड उघडेना. तो बहिणीकडे गेला.

"ताई, मी त्याला हो म्हटलेलं नाही. पण नाही तरी किती दिवस म्हणू? रिकामी जागा डोळ्यांवर येते."

"मग त्यांना सांग ना तसं."

"मी सांगू? ते नुसती मान हलवतील आणि गन पिशवीत घालून घरी येतील. ते मला बघवणार नाही."

"म्हणजे मी बघायचं?"

"एक काम आलंय," भोंगा म्हणाला. "दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांच्या आईची जुनी गाडी. इंजिन मी पूर्ण उतरवून बांधतोय. बॉनेट उघडलं की आतलं सगळं नवं दिसायला हवं म्हणतात. तसल्या जुन्या गाड्यावाल्यांचा त्यांचा एक ग्रुप आहे. हे नीट झालं तर एकेक गाडी येत राहील. मग टायरवाल्याला दारातूनच वाटेला लावतो. नाही झालं, तर ताई, तूच सांग मी काय करू."

ताईने त्याच संध्याकाळी नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिला गोष्टी गिळून बसता येत नसत. दाजींनी मान हलवली. मग म्हणाले, "इंजिन मी कधी रंगवलेलं नाही."

"मग भोंग्याला सांगा तसं."

"नको," दाजी म्हणाले. "शिकून घेतो."

दुसऱ्या दिवशी ते रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. त्याने विचारलं, "किती तापणार?" दाजींना सांगता येईना. ते परत शेडमध्ये आले आणि भोंग्याला म्हणाले, "इंजिन तापतं म्हणजे किती तापतं?"

"हात लावून बघा!" गाडीखालून उत्तर आलं. मग तो सरपटत बाहेर आला आणि नीट सांगू लागला. सगळं इंजिन सारखं तापत नाही. वरचं टॅपेट कव्हर, म्हणजे बॉनेट उघडल्यावर पहिलं दिसतं ते झाकण, उकळत्या पाण्याच्या थोडं पुढे जातं, बस. पण बाजूचं मॅनिफोल्ड, ज्यातून जळका धूर बाहेर पडतो ते बिडाचं बोटांच्या पंजासारखं नळकांडं, ते चढावर निखाऱ्यासारखं होतं. "काळोखात बघितलं तर लाल दिसतं दाजी. तिथे तुमचा नेहमीचा रंग लावलात तर चहा होईपर्यंत टिकायचा नाही."

दाजींनी दुकानातून लहान लहान डबे आणले. एक गाडीच्या पत्र्याचा नेहमीचा, फक्त बघायला. एक इंजिनसाठीचा हिरवा, कारण डॉक्टरीणबाईंना आईच्या गाडीचं झाकण हिरवं आठवत होतं. आणि भट्टीच्या उष्णतेला टिकणारे दोन, एक काळा, एक चंदेरी. भोंग्याकडून जुन्या सायलेन्सरच्या नळीचे तुकडे कापून घेतले, घासून लख्ख केले आणि प्रत्येकावर एकेक रंग मारला. आता ते तापवायचे कुठे? भोंग्याकडे गॅस कटरची ज्योत होती, पण ती म्हणजे मुंगी मारायला घण. दाजी तुकडे कागदात गुंडाळून घरी घेऊन आले आणि बायको दुपारची पडली असताना गॅसवर ठेवले.

वासाने ती उठून आली.

"हे काय शिजतंय?"

"रंग."

"उकळी आली की सांगा, मीठ घालते," ती म्हणाली आणि खिडकी उघडली. पण गेली नाही. स्टूल ओढून बसली.

पत्र्याचा नेहमीचा रंग आधी फुगला, मग काळा पडून गळाला. हिरवा मंद आचेवर छान राहिला, किंचित गडद झाला. आच वाढवली तर तपकिरी पडला. काळा टिकला, पण राखाडीकडे झुकला. चंदेरीने मात्र घाबरवलं. नखाने ओरखडा उठेल इतका तो मऊ होता आणि तापल्यावर त्यातून बारीक धूर निघू लागला. दाजींनी बंद करायला हात पुढे केला.

"थांबा की जरा," बायको म्हणाली. "भांडं नवं असलं की पहिल्यांदा धूर येतोच."

आणि खरंच, धूर ओसरला. गार झाल्यावर दाजींनी नख लावून बघितलं, मग किल्ली लावून बघितली. ओरखडा नाही. हा रंग आगीतच पिकत होता. दाजींनी असला रंग जन्मात बघितला नव्हता. ते तो तुकडा हातात घेऊन पोराने खेळणं फिरवावं तसा फिरवत बसले.

असं ठरलं. झाकणाला हिरवा, मॅनिफोल्डला चंदेरी. डॉक्टरीणबाई नमुना बघायला आल्या तेव्हा दाजींनी त्यांच्यापुढे तापवलेला हिरवा ठेवला, न तापवलेला लपवून ठेवला. "गाडीत असा दिसेल," एवढंच म्हणाले. बाईंनी तुकडा उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अगदी हाच." भोंग्याने ताडपत्रीमागून दाजींना अंगठा दाखवला.

आता चुकीकडे येऊ.

चंदेरी रंगाच्या डब्यावर लिहिलं होतं, की रंग घासलेल्या उघड्या धातूवर थेट लावावा, खाली दुसरं काही नको. दुकानदारानेही बजावलं होतं. दाजींनी स्वतः गॅसवर तपासलेला तुकडाही उघड्याच धातूचा होता. सगळं ठाऊक होतं. पण साफ केलेलं ते मॅनिफोल्ड टेबलावर आलं आणि दाजी गन भरून त्याच्यापुढे उभे राहिले, तेव्हा त्यांचा हात उठेना. बिडाचा तो खरबरीत, फिकट, उघडा तुकडा. त्याच्यावर एकदम रंग? म्हणजे आंघोळ करून तसाच ओला माणूस कोट घालून बाहेर पडल्यासारखं. आणि भोंग्याचं इंजिन. पहिल्यांदा त्याने स्वतःच्या हातचं काही ताडपत्रीच्या या बाजूला पाठवलं होतं. त्याच्यावर वरवरचं काम?

दाजींनी अस्तर दिलं. पातळसंच. कुणाला कळणार होतं? पण कुणाला कळावं म्हणून त्यांनी आयुष्यात कधी अस्तर दिलंच नव्हतं. ते वाळल्यावर घासलं आणि वर चंदेरी हात दिला. सवयीप्रमाणे शेजारी नळीचा एक तुकडा ठेवून त्यालाही तेच दिलं. काम झालं की नमुना जवळ असावा.

भोंग्याने मध्ये धूर अडवणारी गॅस्केटची पट्टी घालून, इंजिनाच्या वरच्या भागातून, हेडमधून, बाहेर आलेल्या स्टडांवर म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर नट कसून मॅनिफोल्ड बसवलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "हे काही वरवरचं दिसत नाही हं."

दाजी घरी गेले ते जवळजवळ तरंगतच.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई इंजिन सुरू झालेलं ऐकायला येणार होत्या. सकाळी चहा झाल्यावर दाजींनी तो नमुन्याचा तुकडा गॅसवर ठेवला. हेतू काही नाही, पिकताना परत बघावंसं वाटलं. बायको भाजी चिरत होती. धूर निघाला. नेहमीचाच, असं त्यांना वाटलं. मग चंदेरी पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा हळूच वर आला, फुगला आणि फाटला. खालून काळी राख दिसली.

दोघंही बघत राहिले.

"परवा तर चांगलं झालं होतं," बायको म्हणाली.

"परवा खाली अस्तर नव्हतं."

"आणि आता?"

"आता आहे."

तिने सुरी खाली ठेवली. "आणि गाडीवर?"

दाजींनी चिमट्याने तुकडा बाजूला काढला. तिला कळलं.

"आज दुपारी फुगेल?"

"नाही. उभ्या गाडीत थोडा वेळ चालवतील. एवढं तापणार नाही."

"मग कधी?"

"पहिल्या मोठ्या चढाला."

"तेव्हा त्या बाई कुणाला बोलतील?"

"भोंग्याला," दाजी म्हणाले. "बॉनेटमधून जळका वास आला की मेकॅनिकच. रंगाऱ्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही."

"आणि आज सांगितलंत तर टायरवाला." तिने गॅस बंद केला. "हे बघा, मी काही सांगणार नाही. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ. मी आपली शेगडी पुसते."

तिने शेगडी इतकी जोरात पुसली की दाजींना चप्पल घालून बाहेर पडणं सोपं गेलं.

शेडमध्ये भोंगा इंजिनात तेल ओतत होता आणि गुणगुणत होता. म्हणजे न्हाव्यापर्यंत ऐकू जात होतं. दाजी ताडपत्रीपाशी उभे राहिले.

"काढावं लागेल," ते म्हणाले.

"काय?"

"मॅनिफोल्ड."

"का? गळतंय?" भोंग्याने घाईने वाकून बघितलं. "कुठे? मला तर दिसत नाही."

"गळत नाही. मी खाली अस्तर दिलंय. ते जळणार. वरचा रंग उडणार."

भोंग्याने तेलाचा डबा खाली ठेवला. "डब्यावर लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं."

"दुकानदार बोलला नव्हता?"

"बोलला होता."

"मग दिलंत का?"

दाजींनी खूप विचार केला. खोटं सांगायला सुचेना आणि खरं सांगायला लाज वाटत होती. शेवटी म्हणाले, "उघडं बघवेना."

"उघडं? अहो, इंजिनाला लाज असते का दाजी!" भोंगा कडाडला. न्हाव्याने दुकानातून मान बाहेर काढली. "स्टड जुने आहेत! एकदा कसलेत ते कसे कसलेत ते माझं मला माहीत! बाई दुपारी येतायत! गॅस्केट वाया! आणि तुम्ही आज सांगताय, आज! काल मी म्हटलं वरवरचं नाही म्हणून, तेव्हा तोंडात काय रंग भरला होता?"

"काल मला माहीत नव्हतं," दाजी म्हणाले. "सकाळी कळलं. गॅसवर."

भोंगा आणखी बराच वेळ बोलला. त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. दाजींच्या सात पिढ्यांना त्याने हात लावला नाही, कारण त्यांतल्या एका पिढीत त्याची बहीण येत होती. मग त्याने तेलाचा डबा पायाने बाजूला सरकवला. त्याने पाना घेतला आणि नट सोडवायला लागला. शेवटच्या स्टडला कट्कन आवाज आला. स्टड मोडून हेडमध्ये अडकला होता. त्याने दाजींकडे बघितलंही नाही. मॅनिफोल्ड उचललं आणि ताडपत्रीपलीकडे त्यांच्या टेबलावर ठेवलं, अगदी अलगद.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा इंजिनाच्या कुशीला भगदाड होतं. भोंगा पुढे झाला. "त्याचं काय झालं बाई, गॅस्केट जरा वेगळं आलं, म्हणून..."

"नाही," दाजी म्हणाले.

ते गिऱ्हाइकाशी कधी बोलत नसत. भोंग्यालाच आश्चर्य वाटलं. दाजी टेबलापाशी होते. हातात तारेचा ब्रश आणि बोटं थिनरने पांढरी पडलेली.

"चूक माझी आहे. रंग चुकीच्या पद्धतीने दिला. आता काढतोय."

बाईंनी अर्धवट घासलेलं मॅनिफोल्ड बघितलं. "आज सुरू झाली असती गाडी?"

"झाली असती."

"आणि मला कधी कळलं असतं?"

"चढावर."

"हं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे असे पेशंट येतात. दाढ वरून चकचकीत भरलेली असते. उघडली की आत बघवत नाही. ते मला विचारतात, परत उघडायची काय गरज होती, वरून तर छान दिसत होती." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मला बरं वाटलं, असं काही मी म्हणणार नाही. दवाखाना बंद ठेवून आले होते. राग आलाय मला. पुढच्या आठवड्यात येते. तेव्हाही अशीच उघडी दिसली तर गाडी ओढून घेऊन जाईन. आणि ग्रुपमध्ये काय सांगायचं ते तेव्हाच ठरवेन."

त्या गेल्यावर भोंगा म्हणाला, "मी सांभाळून घेत होतो ना?"

"तू गॅस्केटवर घालत होतास. उद्या ते तुझ्यावर आलं असतं."

भोंगा पाठमोरा झाला. त्याने मोडका स्टड काढायला ड्रिल हातात घेतलं.

ते दिवस शेडमध्ये फार कमी बोलण्याचे गेले. भोंगा मोडका स्टड कणाकणाने काढत होता. दाजी मॅनिफोल्डच्या बोटांच्या बेचक्यांतून अस्तर काढत होते. चांगलं दिलेलं अस्तर काढणं किती अवघड असतं ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. इतकं घट्ट धरलं होतं त्याने. ब्रश जाईना तिथे त्यांनी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासलं. शेवटी बिडाचा तुकडा पुन्हा फिकट आणि उघडा होऊन टेबलावर आला. दाजींनी जमिनीवर पाणी शिंपडलं आणि हवेकडे बघितलं. पलीकडे भोंग्याने वाऱ्याने झाडणं स्वतःहून थांबवलं. मग दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या कामात उघड्या धातूवर रंग मारला. पातळ हात, थांबून दुसरा पातळ हात. फडक्यामागे त्यांचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

बाई परत आल्या त्या दिवशी ताईही शेडमध्ये आली. कुणी बोलावलं नव्हतं. भोंग्याने चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. एक सारखा, खोल आवाज. बाईंचा चेहरा क्षणात लहान मुलीसारखा झाला. तेवढ्यात मॅनिफोल्डमधून धूर निघू लागला.

"जळतंय!" बाई मागे सरकल्या.

"जळत नाही," दाजी म्हणाले. "पिकतंय. आता बंद करायचं, गार होऊ द्यायचं, मग परत थोडं जास्त तापवायचं. घाई केली तर उडेल."

"नव्या भांड्याचं असंच असतं," ताई म्हणाली आणि बाईंना स्टूल दिलं.

सकाळभर तेच चाललं. चालू, बंद, गार. भोंग्याला गप्प बसणं माहीत नव्हतं, तो येरझाऱ्या घालत होता. प्रत्येक वेळी धूर कमी होत गेला. शेवटी दाजींनी मॅनिफोल्डवर किल्ली ओढून बघितली आणि बाजूला झाले. भोंगा बाईंना घेऊन टेकडीच्या चढावर गेला.

ते परत येईपर्यंत दाजींनी गन उघडून पुसली आणि जोडली, परत उघडून पुसली. ताई म्हणाली, "झिजेल ती." गाडी आली. भोंग्याने बॉनेट उघडलं. आतून आचेचा लोट आला, पण जळका वास नव्हता. झाकण हिरवं, जरासं गडद. मॅनिफोल्ड चंदेरी, सगळीकडे सारखं. दाजी त्याच्या प्रत्येक बोटाच्या बेचक्यात वाकून बघत राहिले, ताईने त्यांचा सदरा मागे ओढेपर्यंत.

"केस जळतील," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हिरव्या झाकणाकडे वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "आमच्यातल्या एकाचं इंजिन निळं आहे. म्हणजे होतं. आता कसलंच नाही. त्याला पाठवू?"

"पाठवा," भोंगा म्हणाला, आणि या एका शब्दाला त्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

बाई गेल्यावर त्याने खिशातून फोन काढला आणि शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. टायरवाला होता हे सगळ्यांना कळलं, कारण भोंग्याला हळू बोलणं जास्त वेळ जमत नाही. "नाही, नाही. रिकामी नाहीये. नव्हतीच कधी, तुला तसं वाटलं. दुसरीकडे बघ." मग आत येऊन त्याने ताडपत्री बाजूला केली.

"दाजी, ते निळं इंजिन येईल. अस्तर कुठे द्यायचं, कुठे नाही, ते आधी मला विचारायचं."

"झाकणाला देईन," दाजी म्हणाले. "इंजिनाच्या रंगाबरोबर चालणारं मिळतं. दुकानदाराला विचारलंय."

"झाकणाला द्या," भोंगा म्हणाला. "झाकणाला हवं तेवढं द्या. फक्त ते बसलं पाहिजे."

ताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आपल्या घरचं दार आठवतंय ना? बसण्याची खात्री मी देणार नाही हं," ती म्हणाली.